आकाशाची ओढ

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी लेपर्ड मॉथ या छोट्याशा विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास एकट्याने केला. पन्नास वर्षांपूर्वी याच मार्गाने त्यांनी टपाल आणले होते. या खेपेस त्यांचे वय ७८ होते. वाचकहो, या घटनेतील धाडसापेक्षा त्यामागची शिस्त मला वैद्य म्हणून अधिक मोलाची वाटते. वैमानिकाला ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी करून घ्यावीच लागते. दृष्टी, श्रवण, रक्तदाब वा हृदय यांत गंभीर उणीव आढळली, तर उड्डाण थांबते. ज्याला उडायचे आहे, त्याला शरीर सांभाळण्याचे कारण इतरांनी सांगावे लागत नाही.

प्रत्येक उड्डाणापूर्वी वैमानिक स्वतःलाही काही प्रश्न विचारतो. आज काही दुखते आहे का? कोणते औषध घेतले आहे? मनावर ताण आहे का? मद्य घेतले आहे का? झोप पुरी झाली का? वेळेवर खाल्ले का? घराबाहेर पडताना हेच प्रश्न आपणही स्वतःला विचारावेत, असे मी माझ्या ज्येष्ठ रुग्णांना सांगतो. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते. वैमानिक ती घेऊन उड्डाण करीत नाही. आपण मात्र ती घेऊन जिना उतरतो, आणि पडतो.

माझ्याकडे येणारे एक गृहस्थ एस.टी.च्या आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. आज ते ७१ वर्षांचे आहेत. विमानांचे वेड लहानपणापासूनचे. प्रवास मात्र कधी घडला नव्हता. पत्नीच्या निधनानंतर ते खुर्चीतून उठेनासे झाले. गोळ्या चुकू लागल्या, साखर वाढली. नातवाला शाळेसाठी बाल्सा लाकडाचे ग्लायडर हवे होते, ते त्यांनी करून दिले आणि पुढे दोघे रोज सायंकाळी मैदानावर जाऊ लागले. मी लिहून दिलेला चालण्याचा व्यायाम त्यांनी एक दिवसही केला नव्हता. भरकटलेले ग्लायडर शोधण्यासाठी मात्र ते सारे मैदान पालथे घालू लागले. काही महिन्यांत साखर आटोक्यात आली. गोळ्या अर्थातच चालू होत्या. श्रेय एकट्या ग्लायडरला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पुढे कन्येने त्यांना सिंगापूरला बोलावले. चिरंजीव माझ्याकडे आले आणि म्हणाले, “डॉक्टर, या वयात विमान कशाला? तुम्हीच नाही म्हणा.” घरोघरी हा प्रश्न काळजीपोटीच विचारला जातो, परंतु नकार देण्याआधी तपासणी करावी. विमानातील हवेचा दाब सुमारे ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो, म्हणजे साधारण सिमल्याइतका. निरोगी माणसाला तो सहज सोसतो. नुकताच हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा शस्त्रक्रिया झालेल्यांनी, तसेच फुप्फुसाच्या विकाराने थोडे चालताच धाप लागणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चार तासांहून अधिक बसून राहिल्यास पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून घोटे फिरवत राहावे, अधूनमधून उठून चालावे, पाणी पीत राहावे. विमान उतरताना कानांत दडा बसू नये म्हणून आवंढा गिळावा किंवा गोळी चघळावी. रोजची औषधे व इन्शुलिन हातातील पिशवीतच असू द्यावे. सामानकक्षातील थंडीने इन्शुलिन निकामी होऊ शकते.

त्यांचे हृदय आणि फुप्फुसे तपासून मी होकार दिला. वारंवार उठता यावे म्हणून मार्गिकेलगतचे आसन घ्या, असे बजावलेही. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि आसन खिडकीचेच घेतले. परतल्यावर चिरंजीवांनी तक्रार केली, की साडेपाच तासांत बाबांनी शेजारच्यांना पाच वेळा उठवले.