घोड्याची भीती: आधी डोक्यातलं वाक्य तपासा

आठवीत असताना मी माथेरानला घोड्यावरून पडलो. प्लास्टर दीड महिन्यात निघालं, भीती मात्र राहिली. तिथे गाड्यांना बंदी, म्हणजे वाटेत घोडे असणारच. म्हणून मी ट्रिपच टाळायचो. गेल्या वर्षी भाची म्हणाली, "मामा, तू पण बस ना!" मी फोन आल्याचं नाटक केलं. फार लाज वाटली.

मग समुपदेशकाकडे सीबीटी शिकलो. १९६०च्या दशकात डॉ. ॲरन बेक यांनी मांडलेली ही पद्धत सांगते, की प्रसंग आणि भावना यांच्यामध्ये एक विचार असतो. माझा विचार होता: 'घोडा मला पाडणारच.' तो लिहिला. किती खरा वाटतो? १०० पैकी ९०.

पुढे पायऱ्या केल्या. लांबून बघणं. घोडेवाल्यासोबत खांद्याच्या बाजूने जाऊन मानेवर हात ठेवणं. उभ्या घोड्यावर बसणं. मग दहा पावलं. प्रत्येक वेळी आधी अंदाज लिहायचा, नंतर खरं काय झालं ते. डिबगिंगच की! धडधड कमी होईपर्यंत थांबायचं; पळालो तर मेंदू शिकतो, 'पळालो म्हणून वाचलो.'

खरा धोका मात्र विसरायचा नाही. हेल्मेट हवंच. घोड्याच्या थेट मागे उभं राहू नका, त्याने कान मागे दाबले तर लांब व्हा.

आज माझा आकडा ३० आहे. शून्य नाही, पण मे महिन्यात भाचीचा घोडा पुढे होता आणि माझा मागे. तुमचा आकडा किती? लिहून बघा. भेटू पुढच्या भागात!