निरोप कोठे अडतो?

संगणकाकडून उत्तर आले नाही की पहिला संशय केबलवर जातो, आणि केबलवरून तो ती ओढणाऱ्या माणसावर जातो. हा माणूस बहुधा ठेक्यावरचा असतो. त्याची बाजू मांडावयास कोणी नसते. आमच्या नावडे येथील युनियनच्या कचेरीत नेमके हेच घडले, आणि संशय घेणारे दुसरे कोणी नसून आम्ही स्वतःच होतो. आम्ही अभियंते नव्हे. तळोजे औद्योगिक वसाहतीत पाळ्या करीत असताना रात्री पुस्तके वाचून जे शिकलो, तेवढेच आमचे भांडवल. त्या भांडवलावर हा विषय श्रोत्यांपुढे मांडीत आहोत.

हकीकत अशी. सभासदांच्या पगाराच्या पावत्या, हजेरीचे उतारे आणि भविष्यनिर्वाह निधीचे कागद आम्ही कचेरीतील एका लिनक्स संगणकावर ठेवतो. कचेरीच्या कामाला इंटरनेटची एक जोडणी होतीच. सभासदांना घरबसल्या मोबाइलवर आपले कागद पाहता यावेत, म्हणून स्थिर पत्त्याची दुसरी जोडणी घेतली. तिची केबल ठेकेदाराकडच्या एका तरुण कामगाराने ओढली. संगणकाच्या आतली मांडणी मात्र आम्ही हौसेने स्वतः केली. एका प्रकरणाच्या सुनावणीला तीन दिवस उरले होते. सभासदांनी मोबाइल उघडले, पण पान काही उघडेना. आम्ही ठेकेदाराला कळवले, "केबल खराब आहे." तो म्हणाला, "मग त्या पोराची दोन दिवसांची मजुरी कापतो." आम्ही गप्प राहिलो. ज्यांचे आयुष्य मजुरीतील कपातीविरुद्ध भांडण्यात गेले, ते आम्ही गप्प राहिलो!

संध्याकाळी तो मुलगा कचेरीत आला. म्हणाला, "काका, तुमच्या मशीनवरून राउटरला पिंग जातो, उत्तरही येते. मग केबल खराब कशी?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून शोधाला बसलो.

प्रथम पत्त्याची गोष्ट समजून घेऊ. आपल्या देशात पिनकोडाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ. सहा आकड्यांच्या आधारे पत्र योग्य टपालकचेरीपर्यंत येते. परंतु पुढे पोस्टमनला गल्लीत येऊन नेमके दार शोधावेच लागते. संगणकाचेही तसेच आहे. आयपी पत्ता हा दूरच्या प्रवासाचा पत्ता. प्रचलित चौथ्या आवृत्तीत तो ३२ बिटांचा असतो. गल्लीतील दाराचा पत्ता निराळा. त्याला मॅक पत्ता म्हणतात आणि तो ४८ बिटांचा असतो. पहिल्यावरून दुसरा शोधून काढणे म्हणजे पत्तानिश्चिती. तिची रीत डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये लिहून प्रसिद्ध केली. एआरपी हे तिचे नाव. रीत अगदी साधी आहे. संगणक साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक देतो, "हा पत्ता कोणाचा?" ज्याचा असेल तो आपला मॅक पत्ता सांगतो. हे उत्तर विचारणारा आपल्या शेजारवहीत टिपून ठेवतो.

येथे एक गोष्ट ध्यानी धरावी. ही हाक गल्लीपुरतीच असते. दूरच्या पत्त्यासाठी हाक देऊन उपयोग नाही. दूरचा माल राउटरच्या हवाली करावयाचा असतो, आणि म्हणून हाक राउटरच्या नावाने द्यावयाची असते. कोणाच्या नावाने हाक द्यावी हे ठरते मार्गतक्त्यावरून.

आता मार्गतक्ते अनेक कसे? आपल्या नावडे रोड स्थानकावर उभे राहा. दिवा–पनवेल मार्गावरचे हे स्थानक. ठाण्यास जावयाचे तर एक वाट दिव्यावरून आहे, दुसरी पनवेलला जाऊन ट्रान्स हार्बरने आहे. मुक्काम एकच; पण ज्याच्या खिशात ज्या मार्गाचा पास, त्याने ती वाट धरावी. लिनक्समध्येही निरोपाच्या खिशातील पास पाहिला जातो. हा पास म्हणजे निरोप पाठवणाऱ्याचा पत्ता. अमुक पत्त्यावरून निघालेल्याने अमुक तक्ता पाहावा, असे नियम लिहिता येतात. ही सोय १९९९ साली आलेल्या लिनक्सच्या २.२ आवृत्तीपासून आहे; तीत अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह यांचा मोठा वाटा. मुळात तीन नियम असतात. शून्य क्रमांकाचा नियम 'लोकल' तक्ता पाहावयास सांगतो; त्यात यंत्राचे स्वतःचे पत्ते असतात. ३२७६६ क्रमांकाचा 'मेन' तक्ता पाहावयास सांगतो, आणि ३२७६७ क्रमांकाचा 'डीफॉल्ट'. आपले नियम या शून्याच्या आणि ३२७६६ च्या मध्ये घालावयाचे असतात.

आम्ही तसेच केले होते. दुसऱ्या जोडणीवर आमच्या यंत्राचा पत्ता १९२.१६८.२०.५ आणि राउटरचा १९२.१६८.२०.१. नियम लिहिला, की २०.५ वरून निघालेल्याने १०० क्रमांकाचा तक्ता पाहावा. त्या तक्त्यात एकच ओळ घातली: सर्व माल दुसऱ्या जोडणीतून बाहेर काढावा. ओळ एका मार्गदर्शिकेतून उतरवलेली होती आणि यंत्राने ती बिनतक्रार स्वीकारली होती.

शोधाची पहिली पायरी म्हणजे तक्ते पाहणे. येथेच बहुतेक जण फसतात, आम्हीही फसलो होतो. 'आयपी रूट' ही आज्ञा दिली की यंत्र फक्त मेन तक्ता दाखवते. तो निर्दोष होता. कारखान्यात तपासनीसापुढे एक हजेरीपट ठेवतात आणि मजुरी दुसऱ्यावरून निघते, हा प्रकार आम्ही पुष्कळदा पाहिला आहे. येथे लबाडी कोणाचीच नव्हती. पण पुढ्यात आलेला पट तो नव्हे, हे ओळखावयास हवे होते. म्हणून आधी 'आयपी रूल' म्हणून नियम वाचावेत आणि नियमात ज्यांची नावे आली ते सर्व तक्ते एकेक करून मागवावेत.

दुसरी पायरी म्हणजे यंत्रालाच प्रश्न विचारणे. 'आयपी रूट गेट' या आज्ञेत दूरचा पत्ता आणि पाठवणाऱ्याचा पत्ता असे दोन्ही द्यावेत. नुसता दूरचा पत्ता दिला तेव्हा यंत्राने मेन तक्त्यातील पहिल्या जोडणीची वाट सांगितली. साधा पिंगही त्याच वाटेने जात होता, आणि म्हणून दूरचे पिंगसुद्धा चालत होते. पाठवणाऱ्याच्या जागी २०.५ घालताच उत्तर बदलले: दुसरी जोडणी, तक्ता १००, आणि राउटरचे नाव कोठेच नाही!

तिसरी पायरी म्हणजे शेजारवही पाहणे. 'आयपी नेबर' म्हणताच तीत २०.१ हा राउटर आपल्या मॅक पत्त्यासह नीट नोंदलेला दिसला. त्याखाली मात्र दूरच्या, बाहेरच्या पत्त्यांची रांग होती; कोणापुढे 'इन्कम्प्लीट', कोणापुढे 'फेल्ड'. दूरच्या पत्त्याचे शेजारवहीत काय काम? 'टीसीपीडम्प' लावून केबलवरची ये-जा पाहिली तेव्हा उलगडा झाला. सभासदाच्या मोबाइलची विचारणा राउटरमार्गे यंत्रापर्यंत येत होती. उत्तर २०.५ वरून निघत होते, म्हणून १०० क्रमांकाचा तक्ता पाहिला जात होता. तेथे राउटरचे नाव नसल्याने, सारे जग याच गल्लीत राहते असे यंत्र समजत होते, आणि गल्लीत हाक देत होते, "हा दूरचा पत्ता कोणाचा?" अशा हाका मूळ मांडणीत सेकंदा-सेकंदाने तीन होतात. कोणी ओ देत नाही, आणि यंत्र निरोप टाकून देते. केबल मात्र प्रत्येक हाक इमानाने नेत होती.

आम्ही उतरवलेली ओळ खोटी नव्हती. ज्या जोडणीत समोरच्या टोकाला एकच जण असतो, उदाहरणार्थ पीपीपी जोडणीत, तेथे ती बरोबर आहे. तेथे हाक देण्याची गरजच नसते. आमच्या गल्लीत पुष्कळ दारे होती. तेव्हा १०० क्रमांकाच्या तक्त्यात दोन ओळी घातल्या: १९२.१६८.२० ची गल्ली या जोडणीवर थेट आहे. बाकी सर्व २०.१ च्या हवाली करावे. पान तत्काळ उघडले. यंत्र बंद होताच अशा ओळी पुसल्या जातात, म्हणून त्या कायमच्या मांडणीतही लिहून ठेवल्या.

याच जातीचे आणखी तीन दोष सांगून ठेवतो. शून्याचा नियम कोणी काढला, तर यंत्र स्वतःचाच पत्ता ओळखत नाही आणि त्या नावाच्या हाकेला ओ देत नाही. दुसरा दोष 'आरपी फिल्टर'चा: तो कडक ठेवला असेल आणि विचारणाऱ्याकडे परतण्याची वाट तक्त्यांनुसार दुसऱ्याच जोडणीतून असेल, तरीही यंत्र हाक ऐकून गप्प बसते. तिसरा याच्या उलट: दोन्ही जोडण्या एकाच स्विचवर असल्या तर लिनक्स एका जोडणीच्या पत्त्यासाठी दुसरीवरूनही ओ देते आणि शेजाऱ्यांच्या वह्यांत घोळ होतो. त्यावर 'एआरपी इग्नोर' १ आणि 'एआरपी अनाउन्स' २ करणे हा उपाय आहे.

त्याच रात्री ठेकेदाराला फोन करून सांगितले, की चूक आमची आहे, मुलाची मजुरी पुरती द्यावी. त्याने ती दिली. सुनावणीच्या आदल्या दिवशी सभासदांनी आपले कागद पाहिले. मुलाला बोलावून आम्ही झाले ते सांगितले. तो एवढेच म्हणाला, "काका, पिंग करताना कोठून करतो तेही सांगायचे असते, हे मलापण ठाऊक नव्हते." तेव्हापासून आमच्या कचेरीत रीत पडली आहे: उत्तर येत नाही असे कोणी म्हणाला, की हाक कोणाच्या नावाने गेली आणि कोणता तक्ता पाहून गेली, हे दोन प्रश्न आधी विचारावयाचे. माणसाचे नाव त्यानंतर.