बीबीची शाळा शोधताना मकबरा आडवा येतो!

लोणार तालुक्यातल्या आपल्या बीबी गावातल्या शाळांची माहिती हवी म्हणून गूगलवर नुसतं ‘बीबी’ टाकून बघा. संभाजीनगरचा मकबरा तरी येतो, नाहीतर बिग बॉस. यावर उपाय सोपा आहे. सोबत ‘लोणार’ जोडा आणि नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह द्या, मध्ये जागा न सोडता: -मकबरा.

शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक हाती असेल तर त्याहून उत्तम. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे. बुलढाण्याचा क्रमांक २७०४ ने सुरू होतो. एकाच नावाच्या चार शाळा असल्या तरी घोळ होत नाही.

सगळ्यात जास्त गंडवते ती जुनी बातमी. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के प्रवेशांचंच घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलले: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या प्रवेशांतून सूट. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. बातम्या मात्र दोन्ही सापडतात, आणि व्हॉट्सॲपवर फिरते नेमकी पहिली! म्हणून शोधताना ‘टूल्स’मध्ये जाऊन कालावधी निवडा. शासन निर्णय तर थेट राज्याच्या संकेतस्थळावरच विभाग आणि तारीख टाकून काढा.