मागे घोडा उभा असताना
ब्रिटन आणि अमेरिकेत असंख्य घोडेमालक आपला घोडा स्पर्धेला किंवा पशुवैद्याकडे नेण्यासाठी मोटारीमागे जोडायचा बंदिस्त ट्रेलर वापरतात. असा ट्रेलर ओढणाऱ्याला नेहमीचे वाहनकौशल्य लागतेच, पण ते पुरेसे ठरत नाही. इतर माल दोरांनी आवळून स्थिर करता येतो. घोडा मात्र चार पायांवर स्वतःचा तोल स्वतः सांभाळत उभा असतो आणि पुढचे वळण किंवा पुढचा अडथळा त्याला दिसत नसल्यामुळे प्रत्येक धक्का त्याच्यापर्यंत पूर्वसूचनेविना पोचतो.

सवारीच्या प्रौढ घोड्याचे वजन साधारणतः 450 ते 550 किलो असते आणि त्यातले सुमारे 60 टक्के त्याच्या पुढच्या पायांवर पडते. बहुतेक ट्रेलरांत घोडा प्रवासाच्या दिशेला तोंड करून उभा राहतो, त्यामुळे ब्रेक जोरात लागला की आधीच अधिक भार वाहणाऱ्या पुढच्या पायांवर आणि छातीसमोरच्या आडव्या दांड्यावर सारे शरीर लोटले जाते. भरधाव एसटीत दांडी न धरता उभ्या राहिलेल्या प्रवाशाची जी अवस्था होते तीच ही. फरक एवढाच की घोडा प्रवासभर तशाच स्थितीत असतो. वळणावर तो पाय फाकवून तोल राखू पाहतो, आणि दोन घोड्यांमधला पडदा तळापर्यंत असल्यामुळे त्याला तेवढी जागा मिळाली नाही, तर पाय घसरून तो घाबरतो व खूर भिंतीवर झाडू लागतो. असा अनुभव आलेला घोडा पुढे ट्रेलरमध्ये चढायलाच नकार देतो, तेव्हा त्याला हट्टी ठरवण्याआधी चालकाने स्वतःचे वाहन चालवणे तपासून पाहणे न्याय्य ठरेल.

सावधपणे चालवणे आणि संथपणे चालवणे हे दोन वेगळे गुण मानले जातात, परंतु घोडा नेताना दुसरा गुण पहिल्यातूनच निर्माण होतो, कारण पायाचा दाब कितीही हलका असला तरी समोर मोकळे अंतर नसेल तर ब्रेक जोरातच दाबावा लागतो. दोन घोड्यांचा भरलेला ट्रेलर सुमारे दोन टनांचा होतो आणि वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. ताशी 80 किलोमीटर वेगाने वाहन एका सेकंदात सुमारे 22 मीटर जाते. म्हणजे पुढच्या वाहनापासून चार सेकंदांचे अंतर ठेवायचे तर जवळजवळ 90 मीटर रस्ता मोकळा हवा. त्या मोकळ्या जागेत इतर मोटारी घुसणार हे गृहीत धरून, न चिडता, पुन्हा थोडे मागे राहावे. चौकातला सिग्नल किंवा रस्त्याकडेचा सायकलस्वार दुरूनच हेरून ॲक्सिलरेटरवरचा पाय आधीच काढला, तर अनेकदा ब्रेकची गरजच उरत नाही.

वळणावर बाहेर ढकलणारा जोरही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी 40 किलोमीटरने घेतले जाणारे वळण 30 ने घेतल्यास तो जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणून वेग वळणाआधीच कमी करावा आणि मोटार सरळ झाली तरी मागचा ट्रेलर सरळ होईपर्यंत तो वाढवू नये. ट्रेलरची चाके मोटारीच्या चाकांपेक्षा वळणाच्या आतल्या बाजूने जातात, याचाही विचार करून वळण मोठे घ्यावे.

ट्रेलर डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागणे हा सर्वांत भीतिदायक प्रसंग होय. अतिवेग, उतार, शेजारून जाणाऱ्या मोठ्या ट्रकची हवा किंवा जोडणीवर पुढच्या बाजूने पुरेसा भार नसणे ही त्याची कारणे असतात. अशा वेळी मोटारीचा ब्रेक जोरात दाबणे किंवा वेग वाढवणे घातक असते; स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडावा आणि वेग आपोआप उतरू द्यावा. एकच घोडा नेताना त्याला रस्त्याच्या मध्याकडच्या बाजूला, म्हणजे ब्रिटनमध्ये उजवीकडे आणि अमेरिकेत डावीकडे, उभे करतात, कारण रस्ता कडेकडे किंचित उतरता असतो.

ब्रिटनमध्ये ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीला मोटारवेवर ताशी 60 मैलांची, म्हणजे सुमारे 97 किलोमीटरची मर्यादा आहे. मोटार आणि ट्रेलरसाठीची वेगळी चाचणी तेथे 16 डिसेंबर 2021 पासून रद्द झाल्याने सराव करण्याची जबाबदारी आता चालकावरच अधिक पडते.

महाराष्ट्रात घोडे सहसा ट्रेलरऐवजी ट्रकमधून किंवा खास बांधलेल्या गाड्यांतून जातात, मग ते महालक्ष्मी आणि पुणे येथील शर्यतींचे असोत वा सारंगखेड्याच्या यात्रेतले. भारताच्या 1978 च्या पशुवाहतूक नियमांत घोड्यांच्या वाहनाला ताशी 35 किलोमीटरची मर्यादा, घसरण रोखणारा तळ आणि सोबत एक मोतद्दार सांगितला आहे; घोड्याचे तोंड समोरून येणाऱ्या वाहनांपासून दूर, डावीकडे ठेवण्याची सूचनाही त्यात आहे. घाट उतरताना खालचा गिअर उताराआधीच टाकावा, म्हणजे इंजिनच वेग रोखून धरते; सतत दाबलेला ब्रेक तापून निकामी होऊ लागतो.

लांबच्या प्रवासात दर तीन-चार तासांनी थांबणे आवश्यक असते, कारण डोके खाली करता आले तरच घोड्याच्या श्वासनलिकेतला कफ बाहेर पडतो, आणि तासन्‌तास डोके उंच बांधून ठेवल्यास फुप्फुसांना गंभीर संसर्ग होऊ शकतो. थांबल्यावर दावे सैल करून पाणी द्यावे, मात्र वाहत्या रस्त्याकडेला घोडा खाली उतरवू नये. मुक्कामी पोचल्यावर आधी त्याचे दावे सोडायचे आणि मगच मागचा आडवा दांडा काढायचा, कारण बांधलेला घोडा मागे हटू लागला आणि दाव्याला हिसका बसला तर तो बिथरतो. आणि घोडा आत असेपर्यंत ट्रेलर मोटारीपासून सोडवायचा नाही, नाहीतर तो मागच्या बाजूला कलंडतो.