हमालाचे पाऊल आणि पेढीचे कर्तव्य

11 मार्च 1795 रोजी मराठे व निजाम यांच्यात झालेल्या लढाईमुळे जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव इतिहासात प्रसिद्ध आहे. या गावाची दुसरी ओळख बाजारपेठेची. एकोणिसाव्या शतकातही येथे धान्य व कापडाचा मोठा व्यापार चालत असे. खर्ड्यासारख्या पेठांत आडत असो, किराणा असो वा सिमेंट-लोखंडाचे दुकान असो, माल हलतो तो हमालाच्या पाठीवर आणि पायांवर. पोत्यांची नोंद वहीत होते. पायांची दखल बहुधा इजा झाल्यावरच घेतली जाते.

पेढीवर पादत्राणे बाहेर काढून गादीवर बसण्याची रीत आहे आणि गादीपुरती ती योग्यच आहे. तीच सवय गोदामापर्यंत पोहोचली, की थप्पी लावणारा माणूस अनवाणी किंवा झिजलेल्या स्लीपरवर वावरतो. तेथे खोक्यांचे खिळे असतात, पत्र्याच्या धारदार कडा असतात, तेल सांडलेली फरशी असते. ओल्या सिमेंटने त्वचा भाजते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या कामगाराला तर जखम झाल्याचे लवकर कळतही नाही आणि ती चिघळते.

साधू-साध्वी अनवाणी विहार करतात. ते स्वेच्छेने स्वीकारलेले व्रत आहे. हमालाचे अनवाणीपण हे व्रत नव्हे. श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अतिभारारोपण’, म्हणजे शक्तीपेक्षा अधिक भार लादणे, याचा समावेश आहे. आपल्यासाठी भार वाहणाऱ्या जिवाची चिंता त्यामागे आहे. भार वाजवी असला, तरी तो वाहणाऱ्याचे पाय उघडे ठेवणे त्या भावनेशी सुसंगत ठरत नाही.

सुरक्षा बूट म्हटले की अनेक घरांत चामड्याचा प्रश्न उभा राहतो. ही अडचण खरी आहे, पण ती दूर होण्याजोगी आहे. सुरक्षा पादत्राणांसाठी आयएस 15298 हे भारतीय मानक आहे. त्याची कसोटी संरक्षणाची आहे. बूट चामड्याचाच असावा, अशी सक्ती त्यात नाही. कृत्रिम धाग्याचे, रबराचे वा पॉलिमरचे सुरक्षा बूटही मिळतात. खरेदी करताना चामडे नसलेला बूट स्पष्टपणे मागावा आणि मानकाची खूण पाहावी.

या मानकातील सुरक्षा बुटाच्या बोटांवरील टोपीने 200 जूलचा आघात सोसावा लागतो. व्यापाऱ्याच्या हिशेबात सांगायचे तर 50 किलोचे पोते सुमारे 40 सेंटिमीटरवरून पडले, तर जवळपास एवढाच आघात होतो. थप्पीवरून निसटणारे पोते याहून कितीतरी उंचावरून येते. म्हणून बूट दिला तरी थप्पी नीट रचणे आणि वाट मोकळी ठेवणे सुटत नाही.

खिळ्यांचा धोका असेल तेथे तळव्यात छेदरोधक थर असावा. निसरड्या फरशीसाठी घसरण रोखणारा तळ हवा आणि ओल्या सिमेंटसाठी पाणी आत न शिरू देणारा उंच बूट. माप सायंकाळी, मोजे घालून घ्यावे, कारण दिवसभराच्या कामाने पाय किंचित सुजलेले असतात. धान्य निवडणाऱ्या स्त्रियांना पुरुषांच्या मापाचे बूट देऊ नयेत. एक जोड दोघांत वाटू नये. टोपीवर एकदा जबर आघात झाला, की बूट वरून धड दिसला तरी बदलावा.

महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कायदा करून हमालांच्या कामाला संरक्षण दिले. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील कामगारांचा लढा होता. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार सुरक्षेसाठी केलेल्या तरतुदीचा खर्च मालकाने कामगाराकडून वसूल करता येत नाही. तेव्हा बुटांचे पैसे मजुरीतून कापणे योग्य नव्हे. दोन-चार माणसांच्या लहान दुकानानेही हाच नियम स्वतःहून पाळावा.

दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी नव्या वर्षाच्या खर्चाचा अंदाज बांधला जातो. त्यात बारदान, सुतळी आणि वाहतूक यांच्या जोडीला हमालांच्या बुटांचीही एक ओळ असावी. ज्यांच्या पावलांवर पेढी चालते, त्यांची पावले सुरक्षित ठेवणे हा व्यापाराचाच भाग आहे.