इंजिन-कुळांमधील पिस्टन अदलाबदल

पिस्टन अदलाबदल म्हणजे मोटारगाडीच्या अंतर्ज्वलन इंजिनाची पुनर्बांधणी करताना त्या इंजिनासाठी बनवलेले पिस्टन, म्हणजेच दट्ट्ये, न वापरता दुसऱ्या इंजिन-कुळातील पिस्टन बसवणे. एकाच मूळ आराखड्यावरून तयार झालेल्या, लहानमोठ्या क्षमतेच्या इंजिनांच्या समूहाला इंजिन-कुळ म्हणतात. अदलाबदलीचा हेतू बहुधा संपीडन गुणोत्तर बदलणे हा असतो. मागणीनुसार घडवलेले पिस्टन महाग पडतात. कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेले दुसऱ्या गाडीचे पिस्टन स्वस्तात मिळतात.

दोन इंजिनांच्या सिलिंडरचा व्यास सारखा असला की पिस्टन बसेल, असा समज सर्रास आढळतो. पिस्टन सिलिंडरमध्ये शिरेल, एवढेच व्यासाच्या सारखेपणावरून सिद्ध होते. इंजिन चालेल की नाही हे इतर मापांवर ठरते.

होंडा आणि सुझुकीचे उदाहरण

या अदलाबदलीचे बहुचर्चित उदाहरण उत्तर अमेरिकेतील हौशी बांधणीकारांचे आहे. होंडा सिव्हिकच्या डी१६ इंजिनात सुझुकीच्या जी१६ इंजिनाचे पिस्टन बसवण्याची पद्धत तेथे रूढ झाली आणि या पिस्टनना ‘व्हिटारा पिस्टन’ हेच नाव पडले. (भारतात १९९९ साली आलेल्या मारुती बलेनोमध्येही जी१६ कुळातीलच इंजिन होते.) दोन्ही इंजिनांत सिलिंडरचा व्यास ७५ मिमी, पिस्टनची धाव ९० मिमी आणि एकूण क्षमता १,५९० घन सेंमी आहे. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी गजन पिनही दोन्हींत १९ मिमी व्यासाची आहे. दोन स्वतंत्र कंपन्यांच्या इंजिनांत इतकी मापे जुळावीत हा योगायोगच म्हणावा लागेल.

मात्र गजन पिनच्या केंद्रापासून पिस्टनच्या माथ्याच्या कडेपर्यंतचे अंतर, म्हणजे कॉम्प्रेशन हाइट, आणि माथ्याचा आकार सारखा नाही. त्यामुळे हे पिस्टन बसवल्यावर डी१६चे संपीडन गुणोत्तर घटते. टर्बोचार्जर बसवणाऱ्यांना नेमके हेच हवे असते. सिलिंडरमध्ये अधिक दाबाने हवा भरली आणि गुणोत्तर मूळचेच ठेवले, तर मिश्रणाचा उरलेला भाग ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेटतो. या आघाती ज्वलनाने पिस्टनच्या रिंगांमधील कडा तुटतात.

एका मिलिमीटरचा हिशेब

डी१६ इंजिनात क्रँकशाफ्टच्या केंद्रापासून ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर सुमारे २१२ मिमी आहे. त्यातून निम्मी धाव म्हणजे ४५ मिमी आणि कनेक्टिंग रॉडची लांबी १३७ मिमी वजा केली, तर पिस्टनच्या वाट्याला सुमारे ३० मिमी उरतात.

डी१६झेड६ या प्रकारात मूळ संपीडन गुणोत्तर ९.२ आहे. एका सिलिंडरची धावक्षमता ३९७.६ घन सेंमी असल्याने पिस्टन सर्वांत वर असताना माथ्यावर सुमारे ४८.५ घन सेंमी जागा उरते. आता समजा, माथ्याचा आकार तोच ठेवून कॉम्प्रेशन हाइट केवळ १ मिमीने कमी असलेला पिस्टन बसवला. ७५ मिमी व्यासाच्या सिलिंडरमध्ये १ मिमी उंचीची जागा ४.४ घन सेंमी भरते. वरची जागा ५२.९ घन सेंमी होते आणि गुणोत्तर ८.५ वर येते. एका मिलिमीटरने एवढा फरक पडत असल्यामुळे ऐकीव आकड्यांवर विसंबणे धोक्याचे ठरते. माथ्यावरील खोलगट भाग आणि सिलिंडर हेडमधील पोकळी ब्युरेटने द्रव सोडून प्रत्यक्ष मोजावी लागते. हेड गॅस्केटची जाडीही हिशेबात धरावी लागते.

या मार्गाचा एक तोटा सहसा दुर्लक्षित राहतो. पिस्टनची सपाट कड सर्वांत वर आली असता ती आणि सिलिंडर हेड यांत साधारण १ मिमी फट ठेवणे इष्ट असते. त्या चिंचोळ्या जागेतून मिश्रण जोराने आत ढकलले जाऊन घुसळण होते आणि ज्वलन लवकर पूर्ण होते. बुटका पिस्टन ही फट रुंदावतो. म्हणजे गुणोत्तर कमी करून आघाती ज्वलनाविरुद्ध जे मिळवले, त्यातील काही भाग येथे गमावला जातो. माथा खोलगट, पण कड मूळच्याच उंचीवर ठेवणारा पिस्टन या दृष्टीने सरस होय.

झडपा, पिन आणि दिशा

अनेक पिस्टनच्या माथ्यावर झडपांसाठी खाचा असतात आणि त्या मूळ हेडमधील झडपांच्या जागेनुसार व कोनानुसार कापलेल्या असतात. दुसऱ्या कुळाच्या हेडखाली त्या सरकलेल्या निघू शकतात. तपासणीसाठी माथ्यावर मऊ माती लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवतात आणि मातीवर उमटलेल्या ठशाची जाडी मोजतात. आत येणाऱ्या मिश्रणाच्या झडपेपाशी सुमारे २ मिमी आणि बाहेर जाणाऱ्या वायूंच्या झडपेपाशी सुमारे २.५ मिमी अंतर सुरक्षित मानण्याचा प्रघात आहे. ही तपासणी टाळली आणि झडप पिस्टनला धडकली, तर वाकलेल्या झडपेसह सिलिंडर हेडही निकामी होऊ शकते.

पिनचा व्यास जुळला तरी रॉडच्या वरच्या टोकाची रुंदी पिस्टनच्या आतील जागेत मावली पाहिजे. न मावल्यास ते टोक यंत्रावर अरुंद करून घेतात. पिस्टनवरील बाण त्याच्या मूळ इंजिनापुरता खरा असतो. गजन पिन बहुधा मध्यापासून किंचित बाजूला असते आणि ही बाजू इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेवर ठरते. होंडाचे डी कुळ इतर बहुतेक इंजिनांच्या उलट दिशेने फिरते, म्हणून पिनची बाजू व खाचांची जागा पाहूनच पिस्टनची दिशा निश्चित करावी लागते.

वजन आणि रिंगा

डी१६ इंजिन मिनिटाला ७,००० फेरे घेत असताना पिस्टनच्या दर १० ग्रॅम जादा वजनामागे वरच्या टोकाला कनेक्टिंग रॉडवर सुमारे ३२० न्यूटन ओढ वाढते. चारही पिस्टन एकमेकांशी एक-दोन ग्रॅमच्या आत जुळवतात. व्ही-८ इंजिनात एवढ्याने भागत नाही. तेथे क्रँकशाफ्टचा समतोल नव्याने साधावा लागतो.

रिंगच्या दोन टोकांमधील फट ७५ मिमी व्यासासाठी साधारण ०.३ मिमी असते. टर्बो इंजिनात उष्णता अधिक असल्याने ती वाढवतात, अन्यथा प्रसरण पावलेली टोके एकमेकांना भिडून रिंग सिलिंडरमध्ये अडकते. ओतीव पिस्टन हा घडीव पिस्टनपेक्षा ठिसूळ असतो. व्हिटारा पिस्टन ओतीवच आहेत, त्यामुळे गुणोत्तर अनुकूल झाले तरी धातूची मर्यादा कायम राहते.

कायदेशीर बाजू

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. पिस्टन बदलल्याने इंजिनाचा क्रमांक बदलत नाही, परंतु धूर-उत्सर्जन बदलू शकते आणि त्याची मर्यादा पाळण्याचे बंधन वाहनमालकावर राहतेच.