रातकिड्याच्या पोटात काय आहे?

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या दहा वर्षांच्या भाचीनं लेपर्ड गेको पाळलाय. वीतभर लांबीची ठिपक्यांची पाल, पण आपल्या घरातल्या पालीला नसतात तशा पापण्या हिला असतात. हिला पानं-फळं चालत नाहीत, किडेच लागतात, तेही वळवळणारे. तिकडे दुकानात रातकिडे, मीलवर्म आणि वॅक्सवर्म या अळ्या, डुबिया झुरळं डब्यांतून विकायला असतात. बरेच जण स्वस्त पाहून एकच डबा कायम नेतात. तिथंच चुकतं.

आपल्या सातपुड्यातही या पालीची एक चुलत बहीण आहे. २०१४ साली तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. रानातली पाल रात्रभर हिंडून कोळी, भुंगेरे, नाकतोडे, जे सापडेल ते खाते. पेटीतल्या पालीच्या वाट्याला मात्र आपण टाकू तेवढंच येतं.

खरा प्रश्न कॅल्शियमचा आहे. पालीच्या आहारात फॉस्फरसच्या दीड-दोन पट कॅल्शियम असावं लागतं. रातकिड्यात आणि मीलवर्ममध्ये प्रमाण नेमकं उलटं, फॉस्फरसच कितीतरी जास्त. मग शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. मुलांना होणाऱ्या मुडदुसासारखंच हे दुखणं, आणि वाकलेला पाय बहुधा पुन्हा सरळ होत नाही. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांत कॅल्शियम भरपूर असतं, म्हणून आठवड्यात त्या असाव्यातच. वॅक्सवर्म चरबीनं भरलेल्या; पाल त्यांना इतकी चटावते की दुसरं काही तोंडात घेत नाही. त्या क्वचितच द्याव्यात.

किडा कुठलाही घ्या, त्याला आधी नीट जेवू घाला. भाची रातकिड्यांना एक-दोन दिवस रताळ्याच्या चकत्या, गाजर, कोलार्ड या पालेभाजीची पानं घालते. पालक नाही, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. मग पिशवीत चिमूटभर कॅल्शियमची पूड घालून ती किडे हलकेच हलवते. पिठात घोळल्यासारखे पांढरे होऊन ते बाहेर येतात. किड्याची लांबी पालीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जास्त नको.

अंगणातले किडे मात्र कधीच नकोत. त्यांच्या अंगावर फवारणीचं औषध असू शकतं. आणि काजवा तर विषच: अमेरिकेत काजवे खाऊन पाळीव सरडे दगावल्याच्या नोंदी आहेत.

संध्याकाळी किडा पेटीत पडला की पाल थबकते, मान पुढे काढते आणि शेपटीचं टोक थरथरवते. मग एकच झेप. उरलेले रातकिडे भाची झोपण्याआधी मोजून बाहेर काढते. भुकेले राहिले, तर रात्री तेच पालीला कुरतडतात.